नायक नसलेली कथा : समष्टी-आनुवंशिकी आणि उत्क्रांतीचा विचार

१.

साहित्याच्या इतिहासलेखनात ‘उत्क्रांती’ हा शब्द इतका रुळला आहे की तो कोठून आला, याची आठवणही आता कोणाला होत नाही. कादंबरीची उत्क्रांती, लघुकथेची उत्क्रांती, संगीत नाटकाची उत्क्रांती असे मथळे प्रश्नपत्रिकांत आणि शोधनिबंधांत सर्रास आढळतात. तेथे या शब्दाचा अर्थ बहुधा ‘साध्याकडून प्रगल्भाकडे झालेली चढती वाटचाल’ असा गृहीत धरलेला असतो. शब्दाची घडणही या समजुतीला पोषक आहे. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘क्रांती’ म्हणजे पाऊल टाकणे. वेदान्तग्रंथांत तर जीवाने देह सोडून जाणे यालाच उत्क्रांती म्हटले आहे. जीवशास्त्रातील कल्पनेसाठी हा शब्द मराठीने योजला, तेव्हा त्याबरोबर चढणीची सूचनाही आपसूक आली.

मूळ शास्त्रात मात्र चढण अभिप्रेत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्क्रांतीला एक काटेकोर, काहीसा रूक्ष वाटावा असा अर्थ मिळाला : एखाद्या समूहातील जनुकांच्या प्रमाणात पिढ्यान्‌पिढ्या होणारा बदल. हा अर्थ देणारे शास्त्र म्हणजे समष्टी-आनुवंशिकी. व्यष्टी आणि समष्टी ही जोडी मराठी वाचकाला तत्त्वज्ञानाच्या वाटेने परिचित आहे. येथे समष्टीचा अर्थ एवढाच घ्यावयाचा, की आपसांत प्रजनन करणाऱ्या जीवांचा समूह. या शास्त्राचे म्हणणे असे, की उत्क्रांत होते ती समष्टी, व्यष्टी नव्हे. व्यष्टी जन्मते, जगते आणि मरते. बदलतात ती समूहातील प्रमाणे. म्हणजे या कथेला नायक नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या शास्त्राकडे का वळावे, असा प्रश्न येथे येऊ शकतो. आमच्या मते त्याचे उत्तर ‘वंश’, ‘रक्त’, ‘बीज’, ‘जात’ या शब्दांत आहे. आपल्या वाङ्मयात आणि बोलण्यात हे शब्द पदोपदी येतात आणि त्यांच्यामागे माणसांच्या ठरीव साच्यांची कल्पना उभी असते. या कल्पनेला सर्वांत खोल तडा ज्या शास्त्राने दिला, त्याच्या जन्माच्या वेळी मात्र त्याचे काही प्रणेते स्वतःच त्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. हा विरोधाभास समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२.

चार्ल्स डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. नैसर्गिक निवडीची कल्पना त्यात विस्ताराने मांडलेली होती. परंतु गुण पुढच्या पिढीत नेमके कसे उतरतात, याचे समाधानकारक उत्तर डार्विनकडे नव्हते. आई आणि वडील यांचे गुण संततीत दोन रंगांप्रमाणे मिसळतात, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने एका परीक्षणात या दुबळ्या जागेवर बोट ठेवले. गुण जर असे मिसळत असतील, तर एखाद्या जीवात उपजलेला नवा उपयुक्त गुण पहिल्या पिढीत निम्मा, दुसऱ्या पिढीत चतुर्थांश असा विरत जाऊन नाहीसा होईल. मग निवड करावयाची तरी कशातून?

या आक्षेपाचे उत्तर तोवर छापून झालेले होते. ब्रनो येथील मठात वाटाण्यावर प्रयोग करणाऱ्या ग्रेगर मेंडेलने आपले निष्कर्ष १८६५ मध्ये वाचले आणि १८६६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गुणांचे घटक मिसळत नाहीत. ते जोडीने राहतात, पुढच्या पिढीत वेगळे होतात आणि एखादा घटक एका पिढीत दडून दुसरीत पुन्हा प्रकटू शकतो, हे मेंडेलने दाखविले होते. परंतु त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९०० मध्ये द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेर्माक यांच्यामुळे मेंडेल पुन्हा प्रकाशात आला.

आता डार्विन आणि मेंडेल यांचे सहज जुळेल, असे वाटावे. झाले उलटेच. इंग्लंडमध्ये दोन पक्ष पडले. कार्ल पिअरसन आणि वेल्डन यांचा पक्ष मोजमापांचा होता. उंची, वजन यांसारखे गुण सलग आणि सूक्ष्म फरकांनी बदलतात, तेव्हा मेंडेलचे सुटे घटक तेथे लागू पडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. विल्यम बेटसनचा पक्ष मेंडेलवादी होता. आनुवंशिकीला इंग्रजीत आज रूढ असलेले नाव बेटसननेच दिले. हा वाद कित्येक वर्षे चालला आणि त्यात कटुताही पुष्कळ आली.

३.

कोंडी फुटण्याची सुरुवात एका साध्या शंकेतून झाली. प्रभावी घटक अप्रभावी घटकाला झाकतो, तर काही पिढ्यांनी सारा समाज प्रभावी गुणाचाच का होत नाही? बेटसनचा सहकारी पनेट याने ही शंका केंब्रिजमधील गणिती जी. एच. हार्डी याच्यापुढे ठेवली. पुढे रामानुजनचा सहकारी म्हणून आपल्याला परिचित झालेला हाच तो हार्डी. उपयोजित गणिताविषयी त्याला फारसा आदर नव्हता. १९०८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाला लिहिलेल्या छोट्या पत्रात त्याने काही ओळींत उत्तर दिले. त्याच वर्षाच्या आरंभी स्टुटगार्टमधील विल्हेल्म वाइनबर्ग या डॉक्टरनेही स्वतंत्रपणे तेच सूत्र मांडले होते. म्हणून या नियमाला दोघांचेही नाव आहे.

हा नियम समजण्यासाठी मुंबईत सापडलेले एक उदाहरण घेऊ. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. जगभर तो आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे भासते. परंतु या व्यक्तींना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, त्यांच्याच गटाचे लागते. या गुणाचा घटक अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही तो आला तरच हा रक्तगट प्रकट होतो. भारतात त्याचे प्रमाण साधारणपणे दहा हजारांत एक असे सांगितले जाते.

आता दहा हजार माणसांचा समूह कल्पू. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण २०,००० प्रती. त्यांपैकी २०० प्रती, म्हणजे १ टक्का, या विरळ घटकाच्या आहेत असे धरू. विवाह जर यदृच्छेने होत असतील, तर दोन्ही प्रती विरळ असण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक. एक विरळ आणि एक सामान्य प्रत असलेले, म्हणजे नुसते वाहक, १९८ निघतील. उरलेल्या ९,८०१ जणांत तो घटक मुळीच नसेल. म्हणजे विरळ घटकाच्या २०० प्रतींपैकी फक्त दोन दिसणाऱ्या माणसात आहेत आणि १९८ न दिसणाऱ्या वाहकांत. पुढच्या पिढीतही हेच प्रमाण राहील आणि त्यापुढच्याही. प्रभावी घटक अप्रभावी घटकाला झाकतो, पण संपवीत नाही. जेंकिनने भीती घातली होती तसे वैविध्य विरून जात नाही. ते लपून का होईना, शाबूत राहते.

परंतु हा समतोल काही अटींवर टिकतो. समूह फार मोठा हवा, विवाह यदृच्छेने व्हावेत, बाहेरून कोणी येऊ नये व आतून जाऊ नये, नवी उत्परिवर्तने घडू नयेत आणि निवडीचा दाब नसावा. या अटी प्रत्यक्षात कधीच पूर्णपणे पाळल्या जात नाहीत आणि त्यातच नियमाचे मोल आहे. जेथे प्रमाणे सूत्राप्रमाणे निघत नाहीत, तेथे कोणती अट मोडली, हा प्रश्न विचारता येतो. ‘विवाह यदृच्छेने व्हावेत’ ही अट वाचताना भारतीय वाचक थबकल्याशिवाय राहणार नाही. त्या अटीकडे आम्ही पुढे परत येऊ.

४.

या पायावर तिघांनी इमारत उभारली. रोनाल्ड फिशरने १९१८ च्या निबंधात दाखविले की मेंडेलचे पुष्कळ सुटे घटक एकाच गुणावर थोडाथोडा परिणाम करीत असतील, तर उंचीसारखा सलग बदलणारा गुण आपोआप निष्पन्न होतो. पिअरसन आणि बेटसन यांच्या पक्षांत तत्त्वतः विरोध उरलाच नाही.

जे. बी. एस. हाल्डेन याने १९२४ पासून निवडीचे गणित मांडणारी निबंधमाला लिहिली. त्यातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये पांढुरक्या, काळ्या ठिपक्यांचा एक पतंग आढळतो. त्याचा काळा प्रकार मँचेस्टरमध्ये १८४८ साली नोंदला गेला आणि शतकाच्या अखेरीस काजळलेल्या औद्योगिक प्रदेशात काळेच पतंग बहुसंख्य झाले. इतक्या थोड्या काळात हे घडावयाचे तर निवड अत्यंत प्रबळ असली पाहिजे, हे हाल्डेनने आकडेमोडीने दाखविले. पुढे १९५६ च्या कायद्यानंतर इंग्लंडमधील हवा हळूहळू स्वच्छ झाली आणि काळ्या पतंगांचे प्रमाण पुन्हा घसरले. यात एकाही पतंगाने आपला रंग पालटला नाही. पालटले ते प्रमाण. आणि ही ‘चढती वाटचाल’ नव्हती, हे तर प्रमाण उलट फिरल्यावरून उघडच आहे.

तिसरा सूअल राइट, अमेरिकन. १९३१ च्या दीर्घ निबंधात त्याने लहान समूहांतील योगायोगाचे महत्त्व सांगितले. ही गोष्ट आडनावांच्या दृष्टान्ताने नीट समजते. चाळीस घरांच्या गावात एखाद्या आडनावाची दोनच घरे असली आणि त्या घरांत पुढे मुलगे झाले नाहीत, तर ते आडनाव गावातून जाते. ते आडनाव वाईट होते म्हणून नव्हे. केवळ संख्या लहान होती म्हणून. मोठ्या शहरात असे योगायोग एकमेकांना छेद देतात आणि प्रमाणे बरीचशी स्थिर राहतात. जनुकांचेही तसेच असते. दोन लहान समूह एकमेकांपासून वेगळे राहिले, तर कोणत्याही गुणावगुणाशिवाय, निव्वळ यदृच्छेने, काही पिढ्यांत ते वेगळे दिसू लागतात. यालाच जनुकीय विचलन म्हणतात.

थिओडोसियस डॉबझान्स्की याने १९३७ च्या ग्रंथात हे गणित रानातल्या माश्यांपर्यंत नेले आणि ज्युलियन हक्सलीने १९४२ मध्ये या साऱ्या समन्वयाला नाव दिले. डार्विनची निवड, मेंडेलचे घटक आणि संख्याशास्त्र ही एका सूत्रात ओवली गेली. पुढे १९६८ मध्ये मोटू किमुरा या जपानी शास्त्रज्ञाने, रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल निवडीमुळे नव्हे तर यदृच्छेने टिकतात, असा सिद्धान्त मांडला आणि राइटच्या योगायोगाला आणखी मोठी जागा मिळाली.

निवड आणि परिस्थिती यांचे नाते दाखविणारे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. सिकलसेल या रक्तविकारात आई व वडील दोघांकडून दोषी प्रत आल्यास गंभीर आजार होतो. मात्र एकच प्रत असलेल्या वाहकाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसनने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखविले. रक्तविकार आणि मलेरिया यांच्या अशा संबंधाची कल्पना हाल्डेनने १९४९ मध्येच, थॅलसेमियाच्या संदर्भात, मांडली होती. पूर्व विदर्भात आणि नंदुरबार परिसरात काही आदिवासी व अन्य समाजांत हा घटक आढळतो. तो त्या समाजांचा ‘दोष’ नव्हे. मलेरियाच्या प्रदेशात अनेक पिढ्या राहिल्याची ती नोंद आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचे काम करताना हा भेद ध्यानात न राहिल्यास वाहकाच्या कपाळी कलंक लागतो आणि सोयरीक जुळविताना तो सर्वांत आधी मुलीच्या माथी मारला जातो.

५.

या तेजस्वी इतिहासाची काळी बाजू आता पाहिली पाहिजे. पिअरसन आणि फिशर दोघेही सुप्रजननशास्त्राचे, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची वीण वाढवावी आणि ‘हीन’ माणसांची रोखावी या मताचे, कट्टर पुरस्कर्ते होते. फिशरच्या १९३० च्या महाग्रंथाचा शेवटचा सुमारे एक-तृतीयांश भाग याच चिंतेने व्यापलेला आहे. अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची सक्तीने नसबंदी झाली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याखाली हा आकडा सुमारे चार लाखांवर गेला. केंब्रिजमधील एका महाविद्यालयाने फिशरच्या स्मरणार्थ बसविलेली रंगीत काचेची खिडकी २०२० मध्ये काढली, तिच्यामागे हा इतिहास आहे.

आश्चर्य असे, की या मताचे खंडन त्यांच्याच गणितात होते. वरच्या उदाहरणातील प्रमाण एखाद्या अप्रभावी विकाराचे आहे असे समजा. विकार दिसणाऱ्या प्रत्येकाला संततीपासून वंचित केले, तरी २०० पैकी १९८ प्रती वाहकांत सुरक्षित राहतात. त्या घटकाचे प्रमाण एका टक्क्यावरून अर्ध्यावर आणण्यास शंभर पिढ्या लागतील, म्हणजे पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर अडीच हजार वर्षे. पनेटने १९१७ मध्येच अशा स्वरूपाची आकडेमोड प्रसिद्ध केली होती. हाल्डेननेही १९३८ च्या ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’मध्ये सुप्रजननवाद्यांच्या दाव्यांची चिकित्सा केली. क्रौर्य तर होतेच. पण ते गणिताच्या नावाखाली चाललेले, गणितालाच न मानणारे क्रौर्य होते. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आला, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाला, भारतीय नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला.

६.

आता यदृच्छ विवाहाच्या अटीकडे येऊ. तरुण भीमराव आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात अंतर्विवाह हेच जातिसंस्थेचे सार आहे, असे प्रतिपादन केले. हार्डीचे पत्र त्यापूर्वी आठ वर्षे प्रसिद्ध झाले होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आज ते शेजारी ठेवून वाचले की जाणवते, हार्डीने जी अट गृहीत धरली तिचा पद्धतशीर भंग म्हणजेच आंबेडकरांनी वर्णिलेली जात. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिसमर्थकांनी आनुवंशिकतेचा आधार घेतल्याचे पाहून आंबेडकरांनी त्यांच्याविरुद्ध खुद्द बेटसनचा दाखला दिला. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या मोजमापांच्या आधारेच त्यांनी अस्पृश्यतेच्या वांशिक उपपत्तीचा निकाल लावला. रिस्लीने नाके मोजून जाती लावल्या होत्या; आंबेडकरांनी तशीच मोजमापे उलट फिरविली.

इरावती कर्वे यांचा प्रवासही येथे स्मरणीय आहे. मराठी वाचकाला त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. १९२०–३० च्या दशकांच्या संधिकाळी त्यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली कवट्यांच्या असममितीवर प्रबंध लिहिला. मोजमापांतून त्यांना वंश आणि असममिती यांचा संबंध आढळला नाही आणि तसा निष्कर्ष त्यांनी मांडला. मार्गदर्शकाच्या आवडत्या मताविरुद्ध आकडे गेले असता आकड्यांच्या बाजूने उभे राहण्याचे हे धैर्य लहान नव्हे.

पुढे मुंबईत ल. दा. संघवी आणि वि. रा. खानोलकर यांनी सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक गुणांची माहिती प्रसिद्ध केली. ती ज्या नियतकालिकात आली त्याचे नाव तेव्हा ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ असे होते. १९५४ मध्ये ते बदलून ‘ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’ झाले. एका शास्त्राचे मन कसे पालटले, हे त्या मुखपृष्ठावरच वाचता येते. १९६८ मध्ये इरावतीबाई आणि कैलाश मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या मानल्या गेलेल्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली.

अशा अभ्यासांत गटागटांत फरक दिसतात, यात नवल नाही. प्रश्न त्या फरकांच्या अर्थाचा आहे. साच्याची भाषा म्हणते, फरक आहे म्हणून भिंत आहे. समष्टी-आनुवंशिकी म्हणते, भिंत आहे म्हणून फरक आहे. चाळीस घरांच्या गावाचा दृष्टान्त आठवावा : दारे बंद ठेवली की प्रमाणे आपोआप वेगळी होतात. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी, कुमारसामी तंगराज आणि सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातील ७३ गटांच्या जनुकीय अभ्यासातून असे अनुमान काढले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील समूहांत मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले आणि त्यानंतर अंतर्विवाहाची प्रथा बळावली. म्हणजे शुद्धतेचा दावा करणारा प्रत्येक गट आधी मिसळलेला आहे आणि दारे लागली ती नंतर.

रिचर्ड लेवोंटिन याने १९७२ मध्ये जगभरच्या रक्तगटांच्या व प्रथिनांच्या माहितीवरून दाखविले की मानवी वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकेका समूहाच्या आतच असते. तथाकथित वंशांमधील फरकाच्या वाट्याला सहा टक्क्यांच्या आसपासच येते. २००३ मध्ये ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्सने यावर आक्षेप घेतला, की अनेक जनुके एकत्र पाहिली तर माणसाचे पूर्वज कोणत्या भागातले, हे बऱ्यापैकी ओळखता येते. आक्षेप गणिताने बरोबर आहे. पण पूर्वजांचा मागोवा लागणे वेगळे आणि माणसाची योग्यता ठरणे वेगळे. पत्त्यावरून कोणी पत्राचा मजकूर वाचीत नाही.

७.

‘खाण तशी माती’, ‘ते त्याच्या रक्तातच आहे’ असे आपण सहज बोलून जातो. समीक्षेतही अमुक पात्र अमुक समाजाचे ‘प्रातिनिधिक’ आहे, असे म्हटले की चर्चा संपल्यासारखी वाटते. ही साच्याची भाषा आहे. तिच्यात समूह आधी एका चेहऱ्याचा होतो आणि मग त्या चेहऱ्याशी न जुळणारी माणसे अपवाद ठरतात. समष्टी-आनुवंशिकीने जो पालट घडविला तो नेमका येथे : समूहाला एक चेहरा नसतो, त्यात प्रमाणे असतात, वैविध्य हा अपवाद नसून तेच समूहाचे वास्तव आहे. ते नसेल तर निवडीला काही उरत नाही आणि उत्क्रांतीही थांबते.

शास्त्रातील संकल्पना जशीच्या तशी साहित्यात आणणे धोक्याचे आहे, हे आम्ही जाणतो. कादंबरीला जनुके नसतात. परंतु वाङ्मयप्रकाराची ‘उत्क्रांती’ लिहिणाऱ्याने निदान एवढे विचारावे, की दहा गाजलेल्या ग्रंथांची शिडी म्हणजे त्या काळाचे साहित्य, की ती केवळ दिसणाऱ्या दोन प्रती आहेत आणि उरलेल्या १९८ नियतकालिकांच्या धूळ खात पडलेल्या अंकांत, विस्मृत लेखिकांच्या वह्यांत आणि गावोगावच्या फडांत दडल्या आहेत? जे आज दिसत नाही ते संपलेच असे नव्हे, एवढे तरी हार्डीच्या त्या छोट्या पत्रातून साहित्याच्या इतिहासकाराने घ्यावे.